गल्ला दवाखान्यात जाऊ नये म्हणून

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात छोट्या आरोग्य विम्यावर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बरीचशी पत्रं हातानं लिहिलेली आहेत, काहींना बिलांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मिरजेत बचत गटांच्या एका महासंघात आरोग्य निधीचे दावे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या पावत्या हातात आल्या की त्यामागचं घर मला दिसू लागतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यांचे प्रश्न अनेकांचे आहेत, ती पत्रं निवडली आहेत.

भाजीविक्रेत्या ताई, हडपसर: मार्केट यार्डातून रोज चारेक हजारांचा माल उचलते. दिवसाचे सहाशे-सातशे सुटतात. आमच्याकडे पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे. तरी गटाच्या ताई म्हणतात, वर्षाला चारशे रुपये भर आणि गटाच्या आरोग्य निधीत ये. सरकार पाच लाख देतंय, तर हे चारशे कशाला? आणि त्या म्हणतात यानं धंदा वाचतो. दवाखान्याचा आणि धंद्याचा काय संबंध?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं तिथंच आहे. मोठ्या दुकानदाराचं घरखर्चाचं खातं वेगळं असतं आणि धंद्याचं वेगळं. तुमचे दोन्ही पैसे एकाच डब्यात आहेत. उद्याच्या मालाचे चार हजार आणि पोराची फी त्याच डब्यातून जाते. घरात कुणी आजारी पडलं की हात त्याच डब्यात जातो, आणि तिथं असतं ते तुमचं भांडवल.

मिरजेत वडापावची गाडी लावणारं एक जोडपं आमच्या गटात होतं. नवऱ्याचं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, दवाखान्यानं एक रुपया घेतला नाही. पण ते दाखल होईपर्यंत दोन दवाखाने झाले होते, बाहेरून तपासण्या झाल्या होत्या, औषधं आणली होती. रिक्षाभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण हे वेगळंच. गाडी बंद. ऑपरेशनचं बिल शून्य आलं आणि त्याच महिन्यात तेल-बेसनाला पैसे उरले नाहीत. बाईंनी शेकडा दहानं पैसे उचलले. महिनाभरानं गाडी दुसऱ्याला भाड्यानं दिली आणि तिथंच मजुरीला उभ्या राहिल्या. योजना चुकली असं मी म्हणणार नाही. योजनेनं तिचं काम केलं. गाडी वाचवणं हे तिच्या कामात बसत नव्हतं.

आता तुमचा हिशेब मांडू. तुम्ही सहा दिवस अंथरुणाला खिळलात तर चारेक हजारांची कमाई बुडाली. भांडवल औषधात गेलं. सातव्या दिवशी यार्डात जायला पैसे नाहीत, म्हणून बाजारातल्या त्या रोजच्या सावकाराकडे गेलात: सकाळी नऊशे हातात, संध्याकाळी हजार परत. चार हजारांच्या मालावर रोज साडेचारशेच्या आसपास व्याज. सहाशे-सातशेच्या कमाईतून ते वजा करा. घरी काय आलं? दीडशे-अडीचशे. एवढ्यात घर चालवून पुन्हा चार हजार जमवायला किती दिवस लागतील, ते तुम्हीच मोजा. आजारपण सहा दिवसांचं होतं, त्याची किंमत तुम्ही पुढचे कित्येक महिने भरत राहता.

म्हणून निधीत जाण्याआधी गटाच्या ताईंना विचारा: बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळतात का, दिवसाला किती आणि कितव्या दिवसापासून? डिस्चार्जनंतर किती दिवसांत हातात पडतात? दोन महिन्यांनी येणारे तीन हजार तुमच्या कामाचे नाहीत, तोवर सावकार ते खाऊन मोकळा होईल. त्याच आठवड्यात आले तर दुसऱ्या दिवशी पाटी भरते. बाह्यरुग्ण तपासणीत सवलत देणारा डॉक्टर त्यांनी ठरवलाय का, तेही विचारा. कारण तुमचा बराचसा खर्च दाखल न होताच होतो, आणि तो कार्डात बसत नाही.

कार्डाला मात्र कमी लेखू नका. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आणि तेवढ्यानंही माणसं वाचलेली मी पाहिली आहेत. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि आता ती केंद्राच्या आयुष्मान योजनेबरोबर एकत्र चालते. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. जुना आजार असला तरी चालतो. डायलिसिस, कॅन्सर, हृदयाची शस्त्रक्रिया अशा मोठ्या गोष्टींसाठी या कार्डाला पर्याय नाही, कुठल्याही गटाचा निधी तिथं पुरा पडणार नाही. फक्त दोन गोष्टी पक्क्या करा. उपचार यादीत असावा लागतो आणि दवाखाना योजनेत असावा लागतो. १५५३८८ वर आजच फोन करून हडपसरच्या जवळचे दवाखाने विचारा आणि नावं भिंतीवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कुणी चौकशी करत बसत नाही, जो दवाखाना आधी दिसतो तिथं रिक्षा थांबते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. बिल भरायच्या खिडकीकडे जाण्याआधी त्यांना गाठायचं.

चारशे रुपये एकदम जड जात असतील तर गटाला महिन्याच्या बचतीबरोबर हप्त्यानं घ्यायला सांगा. अनेक गट घेतात.

वाचक, कराड: माझ्या बँक खात्यातून दरवर्षी ४३६ आणि २० रुपये कापले जातात. हा आरोग्य विमा आहे का? बायकोच्या बाळंतपणाला वापरता येईल का?

नाही. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना, त्यात खातेदाराचा मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख मिळतात. २० रुपयांची सुरक्षा योजना फक्त अपघातासाठी आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, अंशतः अपंगत्वाला एक लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. दवाखान्याचं बिल यातून मिळत नाही. तरी बंद करू नका, एवढ्या पैशात दुसरीकडे एवढं संरक्षण मिळत नाही. वारसाचं नाव बरोबर लागलंय का हे शाखेत जाऊन बघा, आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवा. घरच्यांना माहीतच नव्हतं म्हणून मागितले गेले नाहीत असे पैसे मी पाहिले आहेत.

खानावळ चालवणाऱ्या ताई, सोलापूर: पॉलिसीचं चौथं वर्ष आहे. पित्ताशयाचे खडे झाले, ऑपरेशन झालं, बिल ४२ हजार. कंपनीनं दावा नामंजूर केला. म्हणतात मधुमेह लपवला. एजंट दादांना मी मधुमेहाचं सांगितलं होतं. फॉर्म त्यांनीच भरला, मी सही केली. खानावळीचे सगळे पैसे बिलात गेले, सिलिंडर उधारीवर आणलाय.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लढा. कागद तुमच्या बाजूचे असू शकतात.

आधी कंपनीकडून नामंजुरीचं लेखी पत्र घ्या. कोणत्या कलमाखाली नाकारलं ते त्यात असायला हवं. फोनवरचं बोलणं धरू नका. मग लेखी अर्ज करून तुमच्या मूळ प्रस्ताव फॉर्मची प्रत मागा. अक्षर कुणाचं आहे ते त्यात दिसेल. फॉर्म इंग्रजीत असेल आणि तुमची सही मराठीत असेल तर ‘मजकूर अर्जदाराला त्यांच्या भाषेत समजावून सांगितला’ असं प्रमाणपत्र त्यावर हवं. ते कोरं आहे का, त्यावर कुणाची सही आहे, हे बघा. मी तपासलेल्या फॉर्मांमध्ये आजारांच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकाच पेनानं ‘नाही, नाही, नाही’ लिहिलेलं असायचं. सही करणाऱ्या बाईला तिथं प्रश्न होता हेसुद्धा ठाऊक नसायचं.

आता वेळेचं गणित. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ विमा नियामकानं २०२४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. आधी तो चार वर्षांपर्यंत असायचा, त्यामुळे तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते तपासा. सलग पाच वर्षं हप्ता भरला की सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तुमची पाच पुरी झालेली नाहीत, म्हणून कंपनी ‘लपवलं’ हा मुद्दा पकडून आहे. तुमचं उत्तर असं हवं: मी लपवलं नाही, एजंटला सांगितलं, आणि ऑपरेशन पित्ताशयाचं आहे, मधुमेहाचं नाही. खड्यांचा मधुमेहाशी संबंध नाही असं तुमच्या सर्जनकडून लेटरहेडवर लिहून मिळालं तर हा कागद सगळ्यात मोलाचा ठरेल.

हे सगळं कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, पोच घ्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार मराठीत लिहा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीनं नाही म्हटल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, ही मुदत चुकवू नका. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमा नियामकाकडे १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

बाकीच्या वाचकांना हात जोडून सांगते, आजारांचा रकाना स्वतःच्या हातानं भरा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून भरून घ्या, पण एजंटकडून नको. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढ्यात फॉर्मची प्रत वाचून काढा. आणि कॅशलेस पॉलिसी असेल, म्हणजे बिल कंपनी थेट दवाखान्याला देत असेल, तर लक्षात ठेवा: परवानगीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असं नियामकानं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. काउंटरवर हे ठामपणे सांगा.

यंत्रमागधारक, इचलकरंजी: माझ्याकडे सहा कामगार आहेत. गेल्या वर्षी एकाला कावीळ झाली, मीच तीस हजार उचल दिली. ती अजून फिटली नाही, आणि त्याला सोडूनही देता येत नाही. छोट्या मालकानं काय करावं?

दादा, उचल देणारे मालक इचलकरंजीत बरेच आहेत, आणि उचलीत अडकलेले कामगारही. आजारपणासाठी दिलेली उचल दोघांनाही बांधून टाकते. तुम्हाला तुमचे पैसे सुटत नाहीत, त्याला दुसरीकडे जाता येत नाही, आणि उचल फेडताना पगार अर्धा आला की घरात पुढचं आजारपण अंगावर काढलं जातं.

दहा किंवा जास्त कामगार असते तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तुम्हाला लागूच झालं असतं. महिना २१ हजारांपर्यंत पगाराच्या कामगारांसाठी ते आहे. कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. १२ हजार पगारावर त्याचे ९० रुपये, तुमचे ३९०. त्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना उपचार मिळतात. शिवाय कामगार आजारी रजेवर असेल तर पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ही दुसरी गोष्ट बाजारातल्या साध्या आरोग्य पॉलिसीत सापडत नाही, आणि कामगाराचं घर त्यावरच तगतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी कामगार असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगारांची संमती असेल तर स्वेच्छेनं सामील होण्याची तरतूद आहे. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन तुमच्यासारख्या सहा माणसांच्या खात्याचं काय करता येईल ते विचारा. तुमच्या शेडच्या आजूबाजूचे चार-पाच मालक मिळून गेलात तर आणखी बरं.

ते होईपर्यंत सहाही जणांची आयुष्मान कार्डं काढून घ्या. तुमचे कामगार कर्नाटकातले किंवा उत्तरेतले असतील तर त्यांचं गावाकडचं कार्ड चालतं का ते बघा. केंद्राच्या योजनेतलं कार्ड तिच्यात असलेल्या दवाखान्यात देशभर चालतं. १४५५५ वर विचारता येतं. कार्ड काढायला त्यांना एक दिवसाची पगारी सुट्टी द्या, दादा. रोजावरचा माणूस रोज बुडवून केंद्रावर रांगेत उभा राहत नाही, आणि म्हणून त्याचं कार्ड कधी निघत नाही.

खासगी पॉलिसीच घ्यायची झाली तर ‘आरोग्य संजीवनी’ बघा. २०२० पासून सगळ्या कंपन्यांत तिच्या अटी सारख्या आहेत, त्यामुळे फक्त हप्त्याची तुलना करायची. दाव्याच्या पाच टक्के रक्कम आपण भरायची असते आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. मालकानं कामगारांसाठी घेतलेल्या गट पॉलिसीला ही सूट दिलेली नाही. सहा माणसांच्या शेडला तरी ती मिळायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

रिक्षाचालक, नाशिक: आईचं वय ७२. तिच्यासाठी वेगळं काही आहे का?

आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधारवरचं वय धरतात. आधारवर जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या, जुन्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी पडलेली असते आणि वर्षही अंदाजानं टाकलेलं असतं.

महिला गटांच्या सचिव, बार्शी तालुका: आमच्या चाळीस गटांत मिळून चारशे बायका आहेत. कंपनीचा विमा नको, आमचाच आरोग्य निधी काढावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. जमेल का?

जमेल. या प्रश्नाची मी वाट पाहत होते.

तुम्ही पहिल्या नाही आहात. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा सुरू केला. सुगीला लोकांच्या घरात धान्य असतं, नगद नसते. म्हणून हप्ता ज्वारीत घ्यायचा. भूमिहीनाचा कमी, जमीनवाल्याचा जमिनीच्या हिशेबानं जास्त. आणि अट अशी की गावातली तीन-चतुर्थांश गरीब कुटुंबं आली तरच गाव योजनेत. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. दारात फक्त आजारी माणसं आली तर निधी पहिल्याच पावसाळ्यात संपतो. धडधाकट माणसं आली तरच आजाऱ्याला देण्यापुरते पैसे जमतात. तुमच्याकडेही नियम तोच ठेवा: गट पूर्ण आला तर आला, गटातल्या दोन आजारी बायका तेवढ्या घ्यायच्या नाहीत.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेनं १९९२ मध्ये असंघटित बायकांसाठी विमा सुरू केला. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी ‘यशस्विनी’ आली, माणशी वर्षाला ६० रुपयांत शस्त्रक्रिया. पहिल्याच वर्षी सोळा लाखांच्या आसपास सभासद झाले. २०१८ मध्ये ती बंद करून दुसऱ्या योजनेत मिसळली, लोकांना ती हवी होती म्हणून काही वर्षांनी पुन्हा सुरू करावी लागली. पुण्यात वस्त्यांमधल्या बायकांचे असे परस्पर सहाय्य निधी चालतात, ‘अन्नपूर्णा परिवार’ आणि ‘अपलिफ्ट’ ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथं जाऊन एक दावा समितीची बैठक बघून या. प्रवासखर्च गटातून करा, तो वाया जाणार नाही.

आता तुमचे आकडे. चारशे बायका, माणशी तीनशे, म्हणजे एक लाख वीस हजार. समजा वर्षात तीस जणी दाखल झाल्या आणि प्रत्येकीला तुम्ही चार हजार दिलेत, तर सगळे एक लाख वीस हजार संपले. पावतीपुस्तकाला आणि समितीच्या एसटी भाड्यालाही काही उरलं नाही. डेंग्यूचं वर्ष आलं आणि पस्तीस जणी झाल्या तर तुम्ही तोट्यात. म्हणून पहिल्या वर्षी मर्यादा तीन हजारांवर ठेवा, तीस हजार हातात राहतील, ते पुढच्या वर्षाची ठेव. मोठी शस्त्रक्रिया सरकारी योजनेवर सोडा. तुमच्या निधीनं बुडालेली मजुरी, योजनेत न बसणारं लहान आजारपण, प्रवास एवढंच उचलायचं. सुरुवातीचे दोन-तीन महिने दावा नाही असा नियम करा, नाहीतर आज पैसे भरून उद्या दाखल होणारे येतील.

दावा मंजूर कोण करणार? तुमच्यातल्याच बायका, दर महिन्याला पाळीनं बदलणाऱ्या, आणि सगळ्यांसमोर. आमच्या समितीत लिहिता न येणाऱ्या बायका असायच्या, पण कोण खरं आजारी होतं आणि कुणाची पावती नंतर आणलेली आहे हे त्यांना डॉक्टरांइतकं कळायचं. नाकारायचं झालं तर कारण तोंडावर सांगायच्या. पुढच्या वर्षी त्या नाकारलेल्या बाईनंही पुन्हा पैसे भरलेले मी पाहिले आहेत, कारण तिला वागवलं गेलं माणसासारखं. एक अवघड गोष्टही सांगून ठेवते. ज्या बायका वर्षभर ठणठणीत राहतात, त्या दिवाळीनंतर विचारतात, आमचे तीनशे परत द्या. त्याचं उत्तर पहिल्या दिवशीच द्यायचं असतं, वर्षाच्या शेवटी दिलेलं कुणाला पटत नाही. वर्षातून एक तपासणी शिबिर ठेवा, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तरी बघा, म्हणजे दाखल न झालेल्या बाईच्याही पदरात काही पडतं.

आणि हे जरूर पाळा: तुमच्या निधीला ‘विमा’ म्हणून बाहेरच्यांना विकू नका. नियामकाच्या नोंदणीशिवाय विमा विकता येत नाही. सभासदांचा परस्पर सहाय्य निधी म्हणून ठरावात लिहा, सभासदांपुरताच ठेवा, हिशेब दरवर्षी तपासून घ्या. पुढे कंपनीची पॉलिसी जोडावीशी वाटली तर रस्ता बंद नाही. २००५ च्या सूक्ष्म विमा नियमांपासून बचत गटांनाही अशा विम्याचं एजंट होता येतं.

ऊसतोड मजूर ताई, परळी तालुका: पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, योजनेत बसवून देतो, पैसे लागणार नाहीत. वय ३१ आहे. मुकादम म्हणतो हंगामाच्या आधी उरकून घे. काय करू?

लगेच करू नका, ताई.

पांढरं जाण्याची बहुतेक कारणं औषधानं बरी होणारी असतात. एकतिसाव्या वर्षी पिशवी काढली, आणि बरोबर अंडाशयं गेली, तर हाडं, पाठ, चक्कर, घाम यांचा त्रास आयुष्यभर मागे लागतो, आणि कोयता हातात धरणं जड होतं. तुमच्या बीड जिल्ह्यात हे किती झालंय ते २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहिलं. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. अहमदाबादच्या ‘सेवा’च्या विम्यातही पिशवीच्या शस्त्रक्रियेचे दावे इतके येऊ लागले की त्यांना त्याचा अभ्यास करावा लागला. पैसे दुसरं कुणी भरणार असलं की चाकू लवकर उचलला जातो, हा विम्याचा धोका आहे. विम्यासाठी आयुष्य घातलेल्या माझ्यासारख्या बाईनं तो स्पष्ट सांगायला हवा.

परळीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जाऊन दुसरं मत घ्या. तिथं विचारा: सोनोग्राफीत नेमकं काय दिसतंय, आधी औषध देऊन बघता येईल का, आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली का. २०१९ नंतर तुमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली आहे. त्या डॉक्टरांना तो परवानगीचा कागद दाखवायला सांगा. मुकादमाचा या निर्णयाशी काही संबंध नाही. आशाताईंना सोबत घेऊन जा, आणि आधीच्या दवाखान्यातली सोनोग्राफीची फिल्म, रिपोर्ट, केसपेपर सगळं मागून घ्या. मूळ कागद तुमच्याकडे ठेवा, झेरॉक्स त्यांना द्या.